इथे माणूस आहे

१

माझे दाजी, म्हणजे मालूताईचे यजमान, जगात कुठेही बसले की शेजारच्या जागेवर रुमाल टाकतात. एसटीच्या खिडकीतून हात घालून जागा धरायची आजऱ्याची सवय. इतकी वर्षं इथे बहारीनमध्ये, आम्ही राहतो तिथेच, ड्रायव्हरकी केली, मालकाच्या एसी गाड्या चालवल्या, पण सवय काही सुटली नाही. दवाखान्यात नंबर लावून बसले, टाक रुमाल. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाला बसले, टाक रुमाल. कोणी विचारलं की मान न वळवता सांगणार, "माणूस हाय. येतोय."

माणूस कधीच येत नसे, कारण तो नसायचाच. दाजींना परक्या माणसाची मांडी आपल्या मांडीला लागलेली खपत नाही, एवढंच. ऐसपैस बसायला मिळावं म्हणून हा सगळा खटाटोप. मी लाजेने अर्धी व्हायचे. "दाजी, उचला तो रुमाल, लोक उभे आहेत," म्हटलं तर म्हणायचे, "तू गप बस. जागा धरली म्हंजे धरली."

यंदा दाजींची नोकरी संपली. इथल्या बुदैया भागातल्या ज्या व्हिलात ते होते, तिथली मुलं मोठी होऊन स्वतःच गाड्या चालवायला लागली. व्हिसा कॅन्सल करून कायमचं गावी जायचं ठरलं. तिकडे मालूताई इतकी वर्षं एकटी घर धरून बसलेली. माझ्या नवऱ्याच्या, विनयच्या, डोक्यात आलं की जाण्याआधी दाजींना एकदा युरोप दाखवायचं. "माणसाने उभी हयात वाळूत काढली, सीमा. निदान एक जुनं शहर तरी बघू दे." बोलायला विनय, आणि व्हिसाच्या फायली करायला मी. मालूताईलाही चल म्हटलं होतं. ती म्हणाली, "मला काय करायचंय ते? माझा माणूस मला धड आणून पोचव, ह्योच माझा युरोप."

तिचा माणूस तिला धड पोचवायचा, हे तेव्हाच माझ्या गळ्यात पडलं होतं.

२

प्राग शहर सुंदर आहे म्हणतात. असेल. मला आठवतंय ते एवढंच की दगडी रस्त्यांवर माझे पाय सुजले होते, विनय प्रत्येक बुरुजासमोर थांबून मोबाइलमधला इतिहास मोठ्यांदा वाचत होता, आणि आमची श्रेया कानात इअरफोनची बोंडं घालून दहा पावलं मागे चालत होती. चौकातल्या त्या जुन्या घड्याळाखाली एवढी गर्दी, की दाजी म्हणाले, "आपल्याकडं यष्टी लागल्यावर बी एवढी नसती." पुलावर दोन्ही बाजूंनी पुतळे. ते दाजींनी एकेक निरखून बघितले आणि विचारलं, "ह्यांनला बसायला कुणीच दिलं न्हाई व्हय?"

संध्याकाळी एका गल्लीतल्या लहानशा चर्चमध्ये व्हायोलिनचा कार्यक्रम होता. श्रेयाचा हट्ट. तिकिटावर जागेचा नंबर नव्हता. जो आधी येईल तो बसेल. दाजींना इतका आनंद अख्ख्या ट्रिपमध्ये झाला नव्हता. दार उघडताच ते आत घुसले. आम्ही पोचेपर्यंत एका बाकावर आम्हा तिघांसाठी मफलर पसरलेला, आणि त्याच्या पुढच्या बाकाच्या टोकाला, चालण्याच्या वाटेकडेला, दाजी. त्यांच्या आतल्या अंगाला निळ्या चौकटीचा रुमाल.

चर्च भरलं. लोक भिंतीला टेकून उभे राहिले. काठी घेतलेली एक म्हातारी बाई दाजींपाशी आली आणि रुमालाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली.

"मॅन कमिंग," दाजी म्हणाले.

"दाजी!" मी मागून ओरडले.

"मॅन कमिंग, मॅन कमिंग," ते बाईला शांतपणे सांगत राहिले.

मी उठले, म्हातारीला माझी जागा दिली आणि बाजूच्या खांबाला टेकून उभी राहिले. रागाने कान तापले होते. वाजवणारे आले, दिवे मंद झाले. मी व्हायोलिन ऐकतच नव्हते, नुसती दाजींकडे डोळे वटारून बघत होते. म्हणून मला दिसलं.

दाजींच्या बाकाच्या पलीकडच्या टोकाला, भिंतीकडे, बसलेल्या माणसाने गुडघे आत घेतले. मग त्याच्या शेजारच्या बाईने पर्स मांडीवर ओढली आणि पाय तिरके केले. मग तिच्या शेजारच्याने. मग त्याच्या. उशिरा आलेल्याला आत यायला वाट देतात ना, तसं. कोणीही वर बघितलं नाही, सगळ्यांचे डोळे वाजवणाऱ्यांवर. सगळ्यात शेवटी दाजींनी पाय आवरले, रुमाल उचलला, घडी घालून खिशात ठेवला आणि जरा सरकून बसले.

जागा मोकळीच होती. कार्यक्रम संपेपर्यंत मी तिच्यावरून नजर हलवली नाही. तिथे कोणीही बसलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "रुमाल का उचललात?"

"आता माणूस आल्यावर रुमाल कशाला ठिवायचा?" दाजी वैतागून म्हणाले.

"कोण माणूस?"

ते थांबले. माझ्याकडे बघितलं, मग मागे वळून चर्चच्या दाराकडे. "व्हय की," ते हळूच म्हणाले. "कोण माणूस?"

३

मी हिशेबी बाई आहे. एका ओळीतल्या लोकांचे पाय एकदम आखडले असतील, दगडी फरशी गार होती, असं मी स्वतःला समजावलं. पटलंही.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीवाल्याने आम्हाला घ्यायला नकार दिला. खिडकी खाली करून आमच्याकडे बघितलं आणि मान हलवली. "नो. फोर ओन्ली."

"वी आर फोर," विनय म्हणाला.

टॅक्सीवाल्याने बोटाने मोजलं. विनय, मी, श्रेया, दाजी. आणि बोट दाजींच्या पलीकडे जरा पुढे सरकलं. मग खांदे उडवले आणि गेला. विनय रस्त्यातच त्याच्या नावाने खडे फोडायला लागला. परदेशात आलं की लोक आपल्याला कसे वागवतात, यावर त्याचं भाषण किल्ल्यापर्यंत चाललं. किल्ला टेकडीवर. आम्ही चालत गेलो. माझ्या पायांबद्दल मी आधीच सांगितलंय.

जेवायला बसलो तर वेटरने पाच जणांची मांडणी केली. मी एक ताट उचलून परत दिलं. तो सॉरी म्हणाला, ताट नेलं आणि थोड्या वेळाने पाण्याचे पाच ग्लास आणले. ट्रॅममध्ये दाजींशेजारची सीट मोकळी, आणि माणसं दांड्याला लोंबकळतायत. एकालाही विचारावंसं वाटलं नाही, "इथे कोणी आहे का?" दाजींना उत्तर द्यायची वेळच आली नाही. रुमाल तर खिशातच होता.

"बघा, न टाकताच जागा मिळाली तुम्हाला," मी टोमणा मारला.

दाजी हसले नाहीत. खिडकीला खांदा चिकटवून बसले होते, अंग चोरून. "आज जरा दाटीच झाली," ते म्हणाले.

४

बहारीनला परत आलो आणि गाडी किरकिर करायला लागली.

दाजींची खोली सुटली होती, म्हणून जायच्या दिवसापर्यंत ते आमच्या जिदहफ्सच्या फ्लॅटवर राहायला आले. कुठेही जायचं तर गाडी काढा. आणि दाजी मागे बसले की गाडी बोंब मारायची: टुंग, टुंग, टुंग. मागच्या सीटवर कोणीतरी बेल्ट लावला नाही म्हणून. दाजींचा बेल्ट लावलेला. दाजी उतरले की आवाज बंद.

बाजारात भाजी घ्यायला टुंग टुंग. तिकीट पक्कं करायला टुंग टुंग. विनयला सांगितलं तर तो म्हणाला, "सेन्सर असेल." हे त्याचं सगळ्यावरचं उत्तर. शेवटी मी दाजींना घेऊन स्वतःच गॅरेजला गेले. तिथला यासीन बरीच वर्षं आमच्या गाड्या बघतो. त्याने मागची सीट उचलून वायरी काढल्या, बघितल्या, पुन्हा बसवल्या. सगळं ठीक होतं. मग दाजींना आत बसायला सांगून त्याने गाडी चालू केली. टुंग, टुंग, टुंग.

यासीनने मागे वळून बघितलं आणि हसला. "मॅडम, सेन्सर में मफी मुश्किल, कुछ खराबी नहीं. बीचवाले को बोलो ना, बेल्ट लगाए."

"बीचवाला कौन?"

तेवढ्यात त्याला दुसऱ्या गाडीकडे हाक आली. हात पुसत "खलास, खलास" म्हणत तो निघून गेला. मस्करी केली असणार. दाजी मागे दाराला चिकटून बसले होते. मी गाडीतून उतरले, मागचं दार उघडलं, मधला बेल्ट ओढला आणि खटकन लावून टाकला.

आवाज थांबला. मला इतकं बरं वाटलं की घरी पोचेपर्यंत एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. घरी उतरताना आली. रिकाम्या सीटवर लावलेला बेल्ट सीटला चिकटून सपाट बसायला हवा. हा ताणलेला होता. सीटपासून चांगला वीतभर वर.

मी हात लावून बघितला नाही. मला चहा टाकायचा होता.

५

मालूताईचा रोज दुपारी व्हिडिओ कॉल. नवी पडवी दाखवायची, रंग दाखवायचा. त्या दिवशी तिने झोपाळा दाखवला. सागवानी, पितळी कड्यांचा, सुताराला मागे लागून करून घेतलेला.

"दोघांपुरताच सांगितला गं," ती लाजून म्हणाली. "तिसरं कोण येतंय आता? संध्याकाळचं ह्यांनी एका बाजूला बसायचं, मी एका बाजूला. एवढंच ऱ्हायलंय बघ माझं." मग फोन फिरवून दाखवलं: झोपाळ्याच्या अर्ध्या भागावर तिने टॉवेल पसरला होता. "तुमची जागा धरून ठेवलीया," ती म्हणाली आणि खूप हसली.

मला भरून आलं. दाजीही हसले, पण त्यांचं हसू लगेच विरलं.

"आणि तुम्ही असं कडंला का बसलाय अवघडून?" मालूताईने विचारलं. "सगळा सोफा मोकळा हाय की."

तीन माणसांचा आमचा सोफा. दाजी त्याच्या एका हातावर जवळजवळ टेकून बसले होते, अर्धं अंग बाहेर. ऐसपैस बसण्यासाठी जन्मभर खोटं बोललेला माणूस. मी बघत राहिले. गेले काही दिवस ते असेच बसत होते, जेवतानासुद्धा कोपर पोटाशी धरून. तब्येत उतरली होती, आणि मी ते प्रवासाच्या थकव्यावर ढकललं होतं.

शुक्रवारी दुपारी जेवण करून सगळे पडलो होतो. हॉलमध्ये धप्प आवाज झाला. मी धावत गेले. दाजी दिवाणावरून खाली पडले होते, खांदा धरून विव्हळत होते. दिवाण भिंतीला लागून, चांगला रुंद. भिंतीच्या बाजूची चादर खोलगट दबलेली होती. आमच्या डोळ्यांदेखत ती सावकाश आणखी थोडी दबली, आमच्या बाजूला. अंग सैल सोडून कुशीवर वळावं, तशी.

विनय दारात येऊन म्हणाला, "गादी बदलायला हवी."

"तू जा बघू आत," मी म्हणाले. माझ्याच आवाजाची मला भीती वाटली.

दाजी फरशीवरच बसून राहिले. "सीमे," ते म्हणाले, "मी म्हणत गेलो, माणूस येतोय, माणूस येतोय. आता आलाय तर न्हाई कसं म्हणू? जीभच वळंना." मग लहान पोरासारखं तोंड करून म्हणाले, "त्यो झोपाळा दोघांचाच हाय गं."

६

विमान दुपारचं. विनय शिफ्टला, श्रेया शाळेत. मी दाजींना सोडायला निघाले. मागे दाजी, दाराला चिकटलेले. मधला बेल्ट मी आधीच लावला होता, त्याच्याकडे न बघता. मुहर्रकच्या पुलावर समुद्र चकाकत होता. दाजींनी इतकी वर्षं पाहिलेला तो समुद्र आता पुन्हा दिसणार नव्हता. पण खिडकीची काच त्यांच्या श्वासाने धुरकट झाली होती, इतकं त्यांचं तोंड काचेला टेकलेलं.

माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. ही माझी बहीण. तिने या माणसासाठी अख्खं तरुणपण एका घरात काढलं. आता तिच्या झोपाळ्यावर दाजी बसतील, शेजारी हा बसेल, आणि ती? ती चहाचे कप घेऊन उभी राहील. ती विचारणारही नाही. तिला सवय आहे.

विमानतळाच्या पार्किंगला गाडी लावली. दाजी उतरले, बॅग घेतली आणि गाडीचं दार उघडं धरून उभे राहिले.

"चला ना," मी म्हणाले.

"व्हय," म्हणाले, पण दार सोडेनात. आतून कोणीतरी उतरायचंय म्हणून आपण दार धरतो, तसं धरून ठेवलेलं. त्यांना स्वतःला ते कळतही नव्हतं.

तेव्हा माझं डोकं फिरलं. खरंच सांगते, धीर वगैरे काही नव्हता तो, नुसता संताप होता. इतक्या दिवसांचा सगळा: टॅक्सी, ताटं, टुंग टुंग, सेन्सर, गादी. मी दाजींच्या हातातून दार हिसकलं आणि आपटून बंद केलं. त्यांच्या खिशातला निळ्या चौकटीचा रुमाल ओढून काढला. तो ऊन होता. माणसाच्या अंगाखाली राहिलेल्या कापडासारखा ऊन. मी पुढचं दार उघडलं, माझ्या शेजारच्या सीटवर रुमाल पसरला आणि चारचौघांत मोठ्यांदा म्हणाले,

"इथे जागा आहे. तिकडे नाही, इकडे. आणि त्यांच्या मागे जायचं नाही. समजलं?"

शेजारच्या गाडीतलं कुटुंब सामान उतरवता उतरवता थांबलं. लहान पोरगी आईच्या मागे लपली. मी ताठ उभी राहिले.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग मागच्या सीटचा बेल्ट खटकन सुटला आणि सरकन आत गेला.

दाजींनी खांदे खाली सोडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे दोन्ही हात अंगापासून सुटे झाले. ते माझ्याकडे बघत राहिले, डोळ्यांत पाणी आलं. "सीमे, हे काय केलंस?"

"काही नाही केलं. विमान सुटेल. ताईला सांगा, पोचवला म्हणून."

दारातून आत जाताना ते बॅग हलवत, ऐसपैस, दोन माणसांची वाट अडवून चालत गेले. मला हसू आलं आणि मग रडू आलं.

७

परत येताना मी पुढच्या सीटकडे बघितलं नाही. रस्त्याकडे बघायचं असतं गाडी चालवताना. रुमाल तसाच पसरलेला असणार. घरी गेल्यावर धुवायला टाकू, असं मी ठरवलं. गाडी काहीच बोलली नाही, टुंग नाही की फुंग नाही, आणि मला वाटलं, झालं, खलास. रिकाम्या सीटवर ओरडून माझं मलाच समाधान करून घेतलं होतं मी. दाजींच्या मनाचा खेळ होता, तो मी मोडला. यात न पटण्यासारखं काही नव्हतं.

शाळेपाशी गाड्यांची रांग होती. तेवढ्यात मालूताईचा मेसेज आला: झोपाळ्याचा फोटो, टॉवेल तसाच पसरलेला, आणि खाली लिहिलेलं, "फोन आला ह्यांचा विमानातनं. म्हणाले शेजारची जागा रिकामी हाय, पाय पसरून येतोय." मी तो दोनदा वाचला.

श्रेया फाटकातून धावत आली. ती नेहमी पुढे बसते, माझ्या शेजारी. लहानपणापासून तिचा हट्ट, आणि पुढे बसायचं वय झालं त्या दिवशी तिने अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं होतं. तिने पुढचं दार उघडलं. एक पाय आत टाकणार, तोच थांबली.

"ओह. सॉरी," ती म्हणाली.

दार हळूच लावून घेतलं, मागे जाऊन बसली आणि कानात बोंडं घातली.

"श्रेया," मी म्हणाले. "सॉरी कोणाला म्हणालीस?"

"व्हॉट?" तिने मोबाइलमधून डोकं वर केलं नाही. "मम्मा, यू शुड हॅव टोल्ड मी. आय ऑल्मोस्ट सॅट ऑन देम."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. मी गिअर टाकायला उजवा हात खाली नेला. शेजारच्या सीटचा बेल्ट लावलेला होता, ताणलेला, आणि सीटवर आता रुमाल नव्हता. तो घडी होऊन, नीट चौकोनी, माझ्या पर्सवर ठेवलेला होता.

मी कोपर पोटाशी घेतलं आणि दाराकडे जरा सरकून बसले.